विश्लेषण : आयुष्यात एकही मॅरेथॉन न धावलेल्या झाटोपेकने ऑलिम्पिक सुवर्ण कसे जिंकले? मनाचा कणखरपणा सरावाने येतो का?

हेलसिंकी ऑलिम्पिक म्हटले की मराठी वाचकाला आधी खाशाबा जाधव आठवतात. २३ जुलै १९५२ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने कुस्तीत कांस्यपदक जिंकले. त्याच आठवड्यात, त्याच शहरात चेकोस्लोव्हाकियाचा एक लष्करी अधिकारी एकामागून एक सुवर्णपदके मिळवत होता. २० जुलैला १० हजार मीटर, २४ जुलैला ५ हजार मीटर आणि २७ जुलैला मॅरेथॉन. तिन्ही शर्यतींत ऑलिम्पिक विक्रम. त्यातली मॅरेथॉन तर त्याच्या आयुष्यातली पहिलीच होती. एमिल झाटोपेकची ही कामगिरी आजवर कोणालाही जमलेली नाही.

खेळाडूच्या मानसिक कणखरपणाचा विषय निघाला की जगभरचे प्रशिक्षक आजही झाटोपेकचे नाव घेतात. तो जन्मतः वेगळा होता, त्याला वेदनाच होत नव्हत्या, अशा दंतकथाही खूप आहेत. प्रत्यक्षात त्याची गोष्ट बरीच साधी आणि म्हणूनच जास्त उपयोगाची आहे.

धावायचेच नव्हते, तरी धावपटू कसा झाला?

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी मोराव्हिया प्रांतातील कोप्शिव्हनीत्से या गावी झाला. घर सुताराचे, खाणारी तोंडे अनेक. पंधरा-सोळाव्या वर्षी तो झ्लीन शहरातील बाटाच्या कारखान्यात कामाला लागला. शाळेच्या बुटांमुळे आपल्याकडे घराघरात पोहोचलेली बाटा ती हीच. झ्लीन हे या कंपनीने वाढवलेले शहर. दिवसभर कारखान्यात राबायचे आणि उरलेल्या वेळेत कंपनीच्याच शाळेत शिकायचे, असा तिथल्या पोरांचा दिनक्रम होता.

१९४१ मध्ये कारखान्याच्या क्रीडा प्रशिक्षकाने काही मुलांना एका शर्यतीत धावण्याचा हुकूम सोडला. झाटोपेकने आपली तब्येत बरी नसल्याचे सांगून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. प्रशिक्षकाने त्याला डॉक्टरांकडे पाठवले आणि डॉक्टरांनी तो ठणठणीत असल्याचे सांगितले. नाइलाजाने धावलेला हा मुलगा सुमारे १०० जणांत दुसरा आला. हरण्यापेक्षा दुसरे येणे त्याला जास्त झोंबले असावे, कारण त्यानंतर त्याने धावणे सोडले नाही.

झ्लीनमध्ये त्याला यान हालुझा हा अनुभवी धावपटू मार्गदर्शक म्हणून भेटला. छोट्या अंतराच्या वेगवान फेऱ्या पुन:पुन्हा मारायच्या, ही पद्धत त्याने हालुझाकडूनच उचलली. तीन वर्षांत, १९४४ मध्ये, २ हजार, ३ हजार आणि ५ हजार मीटरचे राष्ट्रीय विक्रम झाटोपेकच्या नावावर होते. महायुद्ध संपल्यावर तो लष्करात भरती झाला. नियमित पगार, ठरलेला दिनक्रम आणि सरावाला मोकळी मैदाने, या तिन्ही गोष्टी त्याला तिथे मिळाल्या.

त्याच्या सरावात एवढे वेगळे काय होते?

त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू सरावातही लांबच धावत. झाटोपेकचा हिशेब वेगळा होता. सावकाश धावणे आपल्याला येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावणे, असे त्याचे म्हणणे होते. मग १० हजार मीटर वेगाने धावायचे तर ते तुकड्यांत का धावू नये? ४०० मीटर जोरात, मग १५०-२०० मीटर हळू आणि दम पूर्ण बसायच्या आत पुन्हा ४०० मीटर जोरात. आज शाळेच्या मैदानावरचा प्रशिक्षकही ज्याला ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतो, ते हेच.

ही पद्धत झाटोपेकने शोधली, असे अनेकदा छापून येते. ते बरोबर नाही. जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि धावपटू रुडॉल्फ हार्बिग यांनी ती महायुद्धापूर्वीच वापरली होती. झाटोपेकने वाढवले ते प्रमाण. १९४८ च्या सुमारास तो ५ वेळा २००, २० वेळा ४०० आणि पुन्हा ५ वेळा २०० मीटर धावत असे, म्हणजे १० किलोमीटर जोरात. पुढे ४०० मीटरच्या फेऱ्या ४० झाल्या, म्हणजे फक्त वेगवान अंतरच १६ किलोमीटर. १९५४ मध्ये काही दिवस त्याने सकाळी ५० आणि दुपारी ५० अशा १०० फेऱ्या मारल्या. मधले हळू धावणे सोडले तरी हे अंतर ४० किलोमीटर भरते. यातल्या सगळ्या फेऱ्या सारख्याच वेगाच्या नव्हत्या, बरेचदा तो घड्याळ न लावता अंदाजाने धावे. तरीही आकडा डोळे विस्फारायला लावणाराच आहे.

शरीराला यातून काय मिळते हे आता ठाऊक आहे. मधल्या हळू धावण्यात हृदयाचे ठोके पुरते खाली येत नाहीत, त्यामुळे दमलेल्या अवस्थेतच पुढची वेगवान फेरी सुरू होते. हृदय आणि फुप्फुसे त्या ताणाला सरावतात. पण मनाच्या बाजूने पाहिले तर इथे आणखी एक गोष्ट घडते. शर्यतीत धावपटू मोडतो तो एका विशिष्ट क्षणी. पाय जड झालेले असतात, अंतर बरेच शिल्लक असते आणि वेग कमी करण्याचा मोह होतो. पूर्ण शर्यतीत हा क्षण दोन-तीनदाच येतो. ४० फेऱ्यांच्या सरावात तो जवळपास ४० वेळा येतो. प्रत्येक वेळी झाटोपेक थांबण्याऐवजी पुन्हा सुरुवात करत होता. म्हणजे शर्यतीतला सर्वांत अवघड निर्णय त्याने आठवड्यात शेकडो वेळा घेऊन झालेला असे. शर्यतीच्या दिवशी तो निर्णय त्याच्यासाठी नवा उरत नसे.

पुढे क्रीडाशास्त्रात अशी एक मांडणी आली की थकवा केवळ स्नायूंमध्ये नसतो. किती अंतर उरले आहे याचा अंदाज घेऊन मेंदूच वेग आवरता घेतो. या मांडणीवर अजून वाद आहेत. पण ती खरी धरली तर झाटोपेक आपल्या मेंदूलाच शिकवत होता की एवढ्या दमण्याने काही बिघडत नाही.

सरावासाठी परिस्थिती अनुकूल असण्याची वाटही तो पाहत नसे. बर्फात, जंगलात, लष्करी बूट घालून, रात्री हातात बॅटरी घेऊन तो धावला. एकदा घरी कपडे धुवायचे होते आणि सरावही बुडवायचा नव्हता, तर त्याने टबात साबणाच्या पाण्यात कपडे टाकले आणि त्यावरच जागच्या जागी धावत राहिला. बायकोला पाठीवर घेऊन धावणे हाही सरावाचाच भाग.

काही प्रयोग मात्र मुळीच अनुकरण करण्याजोगे नाहीत. कामावरून परतताना रस्त्याकडेच्या पॉपलर झाडांच्या रांगेत तो श्वास रोखून चालायचा. एक दिवस चौथ्या झाडापर्यंत, दुसऱ्या दिवशी पाचव्या, असे करत रोज एकेक झाड वाढवायचे. शेवटी एके दिवशी तो बेशुद्ध होऊन पडला, अशी हकिकत सांगितली जाते. मर्यादा थोडीथोडी पुढे ढकलायची, ही कल्पना चांगली. ती कुठे थांबवायची हे झाटोपेकला नेहमीच कळत होते, असे म्हणता येत नाही.

लंडनमध्ये नेमके काय चुकले?

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने १० हजार मीटरचे सुवर्ण सहज जिंकले. वेग एवढा होता की विश्वविक्रमवीर फिनलंडचा विल्यो हेइनो शर्यत अर्धवट सोडून बाहेर पडला. दुसरा आलेला फ्रान्सचा आलँ मिमून जवळपास ४८ सेकंद मागे होता.

दुसऱ्याच दिवशी ५ हजार मीटरची प्राथमिक फेरी होती. अंतिम फेरीतील जागा नक्की झालेली असताना झाटोपेक स्वीडनच्या एरिक आल्डेनशी शेवटच्या फेरीत कारण नसताना चढाओढ करत बसला. प्रेक्षकांना मजा आली, पण पायातली ताकद वाया गेली. अंतिम शर्यत पावसात, चिखलात झाली. बेल्जियमचा गॅस्टन रीफ पुढे निघून गेला, झाटोपेक बराच मागे पडला. शेवटच्या फेरीत तो अचानक जागा झाल्यासारखा सुटला, एकेक मीटर खाऊ लागला. रीफने अंतिम रेषा ओलांडली तेव्हा दोघांत ०.२ सेकंदांचा फरक होता. आणखी दहा मीटर असते तर निकाल बदलला असता, असे त्या शर्यतीबद्दल म्हटले जाते. पण शर्यत ५ हजार मीटरचीच होती.

या शर्यतीला शौर्याची कथा म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात ती चुकीच्या हिशेबाची कथा आहे. सहन करण्याची तयारी भरपूर होती, ती कधी वापरायची हे मात्र चुकले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याने हाच भाग सुधारून दाखवला.

दरम्यान १९५१ मध्ये त्याने एका तासात २० हजार ५२ मीटर अंतर कापले. तासाभरात २० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारा तो पहिला माणूस. कारकीर्दीत त्याने एकूण १८ विश्वविक्रम केले.

हेलसिंकीच्या त्या आठ दिवसांत काय घडले?

खरे तर झाटोपेक हेलसिंकीला पोहोचलाच नसता. १५०० मीटरचा धावपटू स्टानिस्लाव्ह युंगविर्थ याचे नाव ऐनवेळी संघातून काढण्यात आले, कारण त्याचे वडील राजकीय कैदी होते. झाटोपेकने अधिकाऱ्यांना कळवले की युंगविर्थ जाणार नसेल तर आपणही जाणार नाही. देशात स्टालिनवादी राजवट होती आणि लष्करी अधिकाऱ्याने असा नकार देणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. संघाचे विमान दोघांना सोडून निघून गेले. पण सर्वांत मोठा पदकाचा दावेदार घरी ठेवणे सरकारला परवडणारे नव्हते. काही दिवसांत निर्णय फिरवण्यात आला आणि दोघेही मागाहून पोहोचले. स्पर्धेपूर्वी काही दिवस खेळाडूला शांत झोप हवी असते. झाटोपेकने ते दिवस अटकेची वाट पाहत काढले. पुढे १९५७ मध्ये युंगविर्थने १५०० मीटरचा विश्वविक्रम केला.

१० हजार मीटर त्याने २९ मिनिटे १७ सेकंदांत जिंकले. म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी सरासरी ७० सेकंदांच्या आसपास. ५ हजारची शर्यत अवघड होती. शेवटच्या फेरीत जर्मनीचा हर्बर्ट शाडे, मिमून आणि ब्रिटनचा ख्रिस चॅटवे असे तिघे त्याच्या पुढे निघून गेले आणि तो चौथ्या क्रमांकावर घसरला. लंडनचा अनुभव पाहता इथे घाबरून जाणे स्वाभाविक होते. झाटोपेक शेवटच्या वळणापर्यंत थांबला आणि मग बाहेरच्या बाजूने तिघांनाही मागे टाकत गेला. थकलेला चॅटवे कडेला पाय अडखळून पडला. वेळ १४ मिनिटे ६.६ सेकंद. त्याच दुपारी त्याची पत्नी डाना झाटोपकोव्हा हिने ५०.४७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. दोघांची जन्मतारीखही एकच, १९ सप्टेंबर १९२२.

मॅरेथॉनसाठी ब्रिटनचा जिम पीटर्स दावेदार होता. त्याने महिन्याभरापूर्वीच २ तास २० मिनिटे ४२ सेकंद अशी जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. झाटोपेकला मॅरेथॉनचा वेग कसा ठेवायचा हे माहीत नव्हते. म्हणून त्याने सोपी युक्ती केली, पीटर्सच्या मागे राहायचे. पीटर्स सुरुवातीलाच सुसाट निघाला. सुमारे १६ किलोमीटरवर झाटोपेक आणि स्वीडनचा गुस्ताफ यान्सन यांनी त्याला गाठले. तेव्हा झाटोपेकने पीटर्सला इंग्रजीत विचारले की हा वेग जास्त तर होत नाही ना? आधीच दमलेल्या पीटर्सने त्याला चकवण्यासाठी उलट उत्तर दिले, वेग कमी आहे म्हणून. झाटोपेकने ते खरे मानले आणि पुढे निघून गेला.

पीटर्सचे पाय आखडले आणि सुमारे ३२ किलोमीटरनंतर तो बाहेर पडला. झाटोपेक वाटेत प्रेक्षकांशी, सायकलवरच्या पोलिसांशी बोलत २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत स्टेडियममध्ये पोहोचला. हा वेग किलोमीटरला ३ मिनिटे २३ सेकंद एवढा पडतो. आठ दिवसांत प्राथमिक फेरी धरून त्याचे शर्यतीतले अंतर ६२ किलोमीटर झाले होते. अडीच मिनिटांनी अर्जेंटिनाचा रेनाल्डो गोर्नो आला तेव्हा झाटोपेक त्याच्या स्वागताला उभा होता. जमैकाच्या रिले संघाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवले.

ही तिहेरी कामगिरी करण्याचा प्रयत्न फिनलंडच्या लासे व्हिरेनने १९७६ मध्ये माँट्रियलला केला. ५ हजार आणि १० हजार मीटर त्याने जिंकले, मॅरेथॉनमध्ये तो पाचवा आला.

तो धावताना एवढा त्रासलेला का दिसायचा?

झाटोपेकची छायाचित्रे पाहिली तर हा माणूस पुढच्या दहा पावलांत कोसळणार असे वाटते. मान एका बाजूला पडलेली, जीभ बाहेर, चेहरा पिळवटलेला, हात कसेही. क्रीडा पत्रकारांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. धावण्यात सौंदर्याचे गुण मिळू लागले की सुंदर धावू, असे त्याचे त्यावर म्हणणे असे. विशेष म्हणजे असा दिसणारा माणूस शर्यत सुरू असताना प्रतिस्पर्ध्यांशी त्यांच्या भाषेत गप्पा मारायचा. कणखर खेळाडू म्हणजे चेहऱ्यावर काही न दाखवणारा, हा समज इथे टिकत नाही. त्याने वेदना लपवली नाही आणि तिच्याशी भांडतही बसला नाही.

शरीराने आणि राजवटीने त्याला कुठे अडवले?

१ जून १९५४ रोजी त्याने १० हजार मीटर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत पूर्ण केले. २९ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला धावपटू. त्यानंतर उतार सुरू झाला. डानाला खांद्यावर घेऊन सराव करताना त्याला हर्निया झाला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पण तो लवकरच पुन्हा धावू लागला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनमध्ये तो सहावा आला. सुवर्ण मिळाले मिमूनला, जो ऑलिम्पिकमध्ये तीन वेळा झाटोपेकच्या मागे दुसरा आला होता. मिमून रेषेपाशी त्याची वाट पाहत थांबला होता. झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढून त्याला लष्करी सलाम केला आणि मिठी मारली.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला त्याला भेटायला आला. क्लार्कच्या नावावर विश्वविक्रमांची रांग होती, ऑलिम्पिक सुवर्ण मात्र एकही नव्हते. निरोप घेताना झाटोपेकने त्याच्या हातात एक लहानसे पुडके दिले. क्लार्कने ते नंतर उघडले तेव्हा आत हेलसिंकीचे १० हजार मीटरचे सुवर्णपदक होते.

दोन वर्षांनी १९६८ च्या ‘प्राग वसंता’त झाटोपेक सुधारणावाद्यांच्या बाजूने उभा राहिला. सुधारणांची मागणी करणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले तेव्हा हा कर्नल वेन्सेस्लास चौकातल्या गर्दीत उभा राहून आक्रमणाविरोधात बोलत होता. किंमत मोजावी लागली. पक्षातून हकालपट्टी, लष्करातून बडतर्फी, प्रागमध्ये काम मिळेनासे झाले. पुढची काही वर्षे तो भूगर्भ सर्वेक्षणाच्या पथकांसोबत गावोगाव फिरत जमिनीत भोके पाडण्याचे काम करत राहिला. मुक्काम पथकाच्या गाडीत, डाना प्रागमध्ये आणि भेट सुट्टीपुरती.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आपल्या १९६८ च्या भूमिकेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. जे सहकारी मागे हटले नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांना ते लागले. १९५० च्या दशकातही राजवटीने त्याच्या नावाचा प्रचारासाठी वापर केला होता आणि तेव्हा तो गप्प राहिला होता. त्याला घडवणारा यान हालुझा तर याच राजवटीत यूरेनियमच्या खाणीत सक्तमजुरी करत होता. युंगविर्थसाठी विमान सोडणारा झाटोपेक आणि खेदपत्र देणारा झाटोपेक, हे दोघे एकच आहेत. चरित्रे लिहिणाऱ्यांना हा भाग आजही अडचणीत टाकतो. ट्रॅकवर त्याला माहीत असायचे की २५ फेऱ्यांनंतर शर्यत संपणार आहे. त्या बोअरिंगच्या पथकात किती वर्षे काढायची हे कोणी सांगितले नव्हते.

माघारीनंतर त्याला प्रागमध्ये परत घेण्यात आले. क्रीडा खात्याच्या माहिती केंद्रात परदेशी क्रीडा नियतकालिके वाचून त्यातले प्रशिक्षणाविषयीचे मजकूर टिपून काढण्याचे काम त्याच्याकडे आले. शर्यतीत गप्पा मारण्यापुरत्या शिकलेल्या भाषा आता पोटापाण्याला उपयोगी पडल्या. साम्यवादी राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये त्याच्यावरील कारवाई अधिकृतपणे मागे घेण्यात आली. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. डाना त्यानंतर आणखी १९ वर्षे जगली.